अकरा फूट

गॅरेजचं दार पूर्ण वर, आणि वारा थेट सरोवरावरून.
लीफनं आजोबांची हॉकीस्टिक जमिनीवर आडवी टाकत
खुर्च्यांच्या जागा मापल्या:
एक काठी, वर माझा एक बूट, झाले सहा फूट.
ड्राइव्हवेवर निळ्या खडूच्या फुल्या.
शेवटची फुली बर्फात आली,
तिथं त्यानं एक गाजर रोवलं.

एकतीस वर्षं मी शाळेच्या स्वयंपाकघरात
रोज तीनशे पानं वाढली,
आणि यंदा पाच माणसांसाठी तीन रात्री झोप नाही.
वाढायचा डाव एकाच हातात, माझ्या.
मीठ पुड्यांत, लोणी पुड्यांत.
बाथरूमला जायचं तर मागच्या दारानं, एकट्यानं,
खिडकी उघडी ठेवून.
हे सगळं कागदावर लिहून दाराला चिकटवलं
आणि वाचून मलाच लाज वाटली.
हे काय आमंत्रण झालं?
तरी राहू दिला कागद.

ब्रिटा रात्रपाळी करून आली.
नाकाच्या हाडावर मास्कचा वळ, आठ महिन्यांचा.
न सांगता सगळ्यांत लांबच्या खुर्चीवर बसली,
वारा तिच्याकडून आमच्याकडे येणार नाही अशी.
नर्सला वाऱ्याची दिशा कळते, खलाशासारखी.
शेजारचे कोस्किनेन आले
स्वतःची खुर्ची, स्वतःचा थर्मास, खिशात स्वतःचा काटा घेऊन.
डोक्यावर बायकोची जांभळी लोकरी टोपी.
कुणी काही विचारलं नाही.

आणि वेंडेल, माझा भाऊ.
फोनवर म्हणाला होता, सगळं थोतांड,
तोंडाला फडकं बांधून मी बहिणीकडे जेवणार नाही.
मी म्हणाले, मग येऊ नकोस.
एप्रिलमध्ये ओर्विल गेला तेव्हाही म्हणाला,
ते त्याचं हृदय होतं, आर्डिस.
मी फोन ठेवला होता. नंतर उचललाच नाही.

तो आला.
पिकअप मागं घेत घेत गाजरापर्यंत आणला,
काचा वर, हीटर चालू,
आणि बसला आतच.
मास्क नाही. माघारही नाही.

प्रार्थना दरवर्षी ओर्विल म्हणायचा.
टर्कीवरची वाफ वाऱ्यानं नेली, तरी कुणी सुरुवात करेना.
कोस्किनेन खाकरले.
आमचे सगळ्यांचे श्वास जागीच थांबले.
"थंडीनं," ते ओशाळून म्हणाले,
आणि मग, खाकरलोच आहोत तर, असं काहीसं ठरवून
फिनिशमध्ये चार ओळी पुटपुटले.
एक शब्द कळला नाही.
संपलं तेव्हा पिकअपचा हॉर्न वाजला, लांब,
आमेनच्या जागी.

पंगत बसली ती अशी.
लीफच्या लाल घसरगाडीला दोन्हीकडून दोर,
वर टॉवेलात गुंडाळलेला रानतांदूळ.
गाडी खरखरत गेली.
पिकअपचं दार वीतभर उघडलं,
एक हात आला, भांडं गेलं.
थोड्या वेळानं हॉर्न, एकदा.
"बटाटे," लीफ म्हणाला.
दोनदा म्हणजे ग्रेव्ही, हे आपोआप ठरलं.
ब्रिटा हसली. मास्क खाली असल्यानं
हसू पूर्ण दिसलं, दातांसकट.
ग्रेव्हीवर साय धरली, क्रॅनबेरी कडकडीत गोठली,
माझी बोटं कधी गेली ते कळलंच नाही.
दुसऱ्यांदा घ्या म्हणून आग्रह करायचा
तर ओरडून करावा लागत होता.

साडेचारला अंधार.
घसरगाडी परत आली तेव्हा भांडं चाटूनपुसून रिकामं,
आणि आत, वर्तमानपत्रात गुंडाळलेला,
ओर्विलनं उसना दिलेला मासे साफ करायचा सुरा.
धार लावलेला.
मी वर पाहिलं तोवर
मागचे लाल दिवे उतारावर पोचले होते.

सकाळी टायरच्या खुणांपासून
माझ्या खुर्चीपर्यंत टेप धरली.
अकरा फूट.
एप्रिलपासून एवढ्या जवळ तो आला नव्हता.

गाजर सशानं नेलंय.
कागद अजून दाराला तसाच आहे,
एका कोपऱ्यातून सुटलेला, फडफडतो.